बा म्हणजे कोण

रामवाडी, पेण,
जिल्हा कुलाबा
ता. १८ मार्च १९६०

चि. दत्तू यास बापाचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. जसुमती आणि लाडकी सरू यांनाही आशीर्वाद.

तुझं पत्र संक्रांतीच्या मागून आलं आणि मी उत्तराला बसलोय शिमगा उलटून गेल्यावर. एवढा उशीर झाला त्याबद्दल रागावू नको. मध्ये तुझं कार्डही आलं, 'बा, पत्र पोचलं की नाही' असं विचारणारं. पोचलं होतं. रोज दुपारी कागद घेऊन ओट्यावर बसायचो, 'चि. दत्तू यास' एवढं लिहायचो आणि कागद दुमडून फळीवर ठेवायचो. फळीवर अशा घड्या साठल्या आहेत. मैना म्हणाली, "बा, दादाला पत्र लिवतोस का पतंग करतोस?" मैना सध्या इथंच आहे. रोह्याहून आली आहे. सहजच आली आहे.

इकडचं सर्व ठीक. वाल झोडपून झाला, यंदा दाणा बारीक आहे. खारीचा बांध दोन जागी फुटलाय, उधाणाचं पाणी आत येतं, पण आपल्या एकट्याच्या हातात ते नाही, गावकी जमली तर होईल. विहिरीनं अजून तळ दाखवला नाही. पापड यंदा पाठवता आले नाहीत. केले होते थोडे, पण राहून गेले. जसुमतीला सांग, पुढच्या वर्षी नक्की.

तुझी आई पडून आहे. दुपारची वेळ आहे ना.

तुमच्या गॅलरीच्या कठड्याला तू फळी ठोकलीस का? दोन गजांमधून सरूचं डोकं आरपार जातं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ठोकली नसलीस तर आधी ते कर, मग पुढचं वाच. आणि ट्रामच्या रुळांवरून तिला चालवत नेऊ नको. कडेवर घे. जसुमती तिचं नुसतं बोट धरते, बोट सुटतं. स्टोव्ह विझवल्यावरसुद्धा हात लावून बघायला सांग. मला इथं बसून हेच दिसत राहतं.

आता तू विचारलेलं. तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. एका राज्याची दोन होणार, तुझ्या सरकारी छापखान्याची गुजराती बाजू उचलून अहमदाबादला नेणार, आणि तुला दोन्ही लिपींचे खिळे जुळवता येतात म्हणून साहेबांनी विचारलंय की येतोस का. पगार वाढेल, खोली मिळेल, जसुमतीचं माहेर तिथंच. चैत्र संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं. आणि सगळ्यात शेवटी तू लिहिलंस, 'बा, तू आणि आई म्हणाल तसं करीन.'

हे शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस दत्तू. ते नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं असतं की जे बरं दिसेल ते कर. आता काय लिहू? त्याचं पुढे लिहितो.

दिवाळीला आम्ही दोघं तुमच्याकडे येऊन राहिलो, ते दिवस सारखे आठवतात. तुला खोटं वाटेल, पण मुंबईची मला धास्ती होती. मिठागरावर जन्म गेला, तिथं माणसापेक्षा बगळे जास्त. पण तुमच्या चाळीत आल्यावर भीती राहिली बाजूला आणि गंमतच वाटू लागली. एक गोष्ट दोनदा बोलली जाते असं गाव मी पाहिलं नव्हतं. तो भाजीवाला आठवतो? डाव्या जिन्यापाशी 'कांदे घ्या कांदे' ओरडायचा आणि तीच पाटी घेऊन उजव्या जिन्यापाशी गेला की 'डुंगळी लो डुंगळी'. तुझ्या आईला वाटलं ही दुसरी कसली भाजी. मला म्हणाली, "अवो, ती डुंगळी काय आसते ती आना जरा, आपल्याकडं मिळत नाय." मी उतरलो, डुंगळी मागितली. त्यानं कांदे पुढे केले. मी म्हणालो, कांदा नको, डुंगळी दे. तर तो म्हणतो, "काका, तुम्ही डाव्या जिन्यानं उतरलात ना, म्हणून कांदा दिला. उजव्यानं या, मग डुंगळी देतो." मी कांदे घेऊन वर आलो आणि तुझ्या आईनं माझं हसं केलं, जणू पाठवणारी ती नव्हतीच.

आणि ती कोळीण. मागच्या जिन्यानं पाटी झाकून चढायची. तुमच्या शेजारच्या रंभाबेन नाकाला पदर लावून म्हणायच्या, "जल्दी जा बाई, जल्दी." आणि ती म्हणायची, "चाललेच गो बेन, बोंबलू नको, पापलेट झोपलाय, उठंल." रंभाबेनना हसू आवरायचं नाही. नळावरची भांडणं तर मी मुद्दाम तोंड धुवायला उशीर करून ऐकायचो. गुजराती बाई मराठीत शिव्या द्यायची आणि आपली बाई गुजरातीत. मी तुला विचारलं, असं का रे? तू म्हणालास, "बा, आपल्या भाषेतली शिवी दुसऱ्याला कळली नाही तर फुकट जाते ना."

संध्याकाळी खाली बाकड्यावर मुंबई कुणाची यावरून तावातावानं बोलणं चालायचं. आता हाणामारी होते म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो. सकाळी बघावं तर रात्री ओरडणाऱ्याची बायको दुसऱ्या ओरडणाऱ्याच्या दारात वाटी घेऊन विरजण मागायला उभी. मला वाटायचं, हे असंच चालत राहील. ओरडतील, दही लावतील. राज्य खरंच कापतात आणि त्याच्याबरोबर माणसंही इकडची तिकडे उचलून ठेवतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पाडव्याच्या सकाळची गोष्ट तू कचेरीत जाऊन सगळ्यांना सांगितलीस म्हणे. दारात एकामागून एक माणसं येऊन हात जोडायची, 'साल मुबारक, साल मुबारक.' मला वाटलं ही साळीची चौकशी करतायत, मी भाताचा माणूस म्हणून. मी आपला प्रत्येकाला सांगतोय, साळ बरी आली हो अवंदा, खारीत थोडी कुजली पण वरकसात चांगली आली. सगळे मान डोलवत होते. एकजण तर म्हणाला, बहु सारूं. जसुमती पदर तोंडात कोंबून आत पळाली होती. ती मला कधी तोंडावर हसली नाही, आतच जाऊन हसायची. सून चांगली आहे. लग्नाच्या वेळी लोक काही बोलले असतील, मी कधी बोललो नाही आणि आज तर नाहीच नाही.

पण सगळ्यांवर ताण केली ती तुझ्या आईनं. रंभाबेनना पेटी माळ्यावर चढवायची होती, कुणी पुरुष माणूस रिकामा आहे का बघायला त्या आल्या आणि तिला विचारलं, "काका नवरा छे?" तिनं आधी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय, नवराच हाय. लगीन लागलं तवापास्नं." त्यांच्या भाषेत नवरा म्हणजे रिकामटेकडा हे तिला तू सांगितलंस. तेव्हापासून मी जरा टेकलो की ती म्हणते, "बसले बगा, दोन्ही भाषेतले नवरे."

म्हणायची.

उन्हं उतरली. उरलेलं उद्या लिहितो.

ता. १९

काल रात्री मैनेनं विचारलं की काय काय लिहिलंस. तिला वाचता येत नाही, म्हणून आज सकाळी तिला वाचून दाखवलं. पापलेटाशी आलो तेव्हा हसली. 'नवरा छे'शी आलो तेव्हा हसली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग म्हणाली, "आयेचं?"

मी म्हणालो, लिवतो.

"डुंगळीचं लिवलंस, पापलेटाचं लिवलंस. गॅलरीच्या फळीचं लिवलंस. आयेचं कदी लिवनार, बा? तुजी उद्या कदी उगवते तीच मी बगते हाय."

तिचा नवरा जगनराव दारात चप्पल घालत होता, रोह्याची एस. टी. पकडायची होती त्याला. तोही थांबला. म्हणाला, "मामा, तुमी लिवत नसाल तर मी लिवतो. नाय तर मुंबईला जातो." मी त्याला म्हणालो, आज लिहितोच, तुझी गाडी चुकेल. तो गेला.

तर दत्तू, आता घाबरू नको आणि बसून वाच. उभा असशील तर बस.

तुझं पत्र आलं त्याच दिवसाची गोष्ट आहे. ओट्यावर बसून मी तुझ्या आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि तुला माहीत आहे ती किती तोंड घालते. शेवटचं वाक्य, तू आणि आई म्हणाल तसं, ते तिनं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "लिवा त्याला..." मी टाक दौतीत बुडवला. तर म्हणाली, "थांबा. पापड उनात हायत, कडक होतील. काडून येते, मंग सांगते." आणि मागल्या अंगणात गेली.

मी टाक हातात धरून बसलो. शाई वाळली, परत बुडवली. दोनदा हाक मारली, "अगो, काय लिवू?" मला वाटलं शेजारच्या बायजाबाईशी बोलत उभी राहिली असेल. मी तिथंच बसून राहिलो दत्तू. बायजाबाई ओरडली तेव्हा उठलो. चटईवर पडली होती, पापडांवरच. एक पापड गालाला चिकटला होता.

अर्धांगवायू. उजवं अंग गेलं. इथले डॉक्टर येऊन गेले, सुया दिल्या. मुंबईला न्यायचं म्हणालो तर ते म्हणाले, इतक्यात हलवू नका, लाँचमधले हिसके सोसणार नाहीत. रोह्याच्या वैद्यांचं तेल मैना चोळते. पेज भरवली की अर्धी गिळते, अर्धी ओघळते. डावा हात चालतो. डोळे ओळखतात. डॉक्टर म्हणतात, जीव निभेलही, सांगता येत नाही. ते काहीच सांगता येत नाही म्हणतात आणि मी त्यांच्या मागून पायरीपर्यंत जातो, की पायरीवर तरी काही सांगतील.

तू म्हणशील, हे मला का कळवलं नाही. काय कळवू? कळवलं असतं तर तू तसाच धावत आला असतास आणि अहमदाबादला नाही म्हणून मोकळा झाला असतास. मग जसुमतीला तिची आई कायमची लांब, तुझा वाढणारा पगार गेला, आणि ते सगळं कशानं, तर म्हाताऱ्यानं पत्रात रडगाणं लिहिलं म्हणून. तू मत विचारलंस आणि मी आजारपण पाठवलं असं झालं असतं. बरं, न कळवावं, तर तू निघून गेलास आणि मागं हिचं काही झालं तर? दोन्हीकडून मीच. आज लिहू म्हटलं की पहिलं आठवायचं, नको लिहू म्हटलं की दुसरं. असे दिवस गेले. मैना मला रोज बोलते ते बरोबरच आहे.

आणि तिचं उत्तर राहिलंच. लिवा त्याला, म्हणाली. पुढचं तिच्या तोंडात राहिलं. माझ्यापाशी असतं तर मी लिहून टाकलं असतं.

आता थोडं थांबतो. मैना तिला कुशीवर वळवायला बोलावते आहे.

वळवली. परत बसलो.

तिची वाचा गेली असं मी वर लिहिलं नाही, कारण ती सगळी गेलेली नाही. एक शब्द राहिला आहे. पडल्यानंतर दोन दिवस नुसती घरघर होती. मग एका सकाळी तोंडातून शब्द आला, 'बा'. आम्हाला इतका आनंद झाला की बायजाबाईनं देवापुढं नारळ ठेवला. वाटलं, आता एकेक शब्द येईल. पण आला नाही. तोच एक. दिवसातून कितीदा तरी, बा, बा. कधी हळू, कधी जोरात, आणि डोळे दाराकडे.

मला आधी वाटलं, मलाच बोलावते. तुम्ही पोरं मला बा म्हणता, तिच्या कानात तेच राहिलं असेल. जन्मात तिनं मला 'अवो'शिवाय हाक मारली नाही, पण आजारी माणसाचं काय. म्हणून बा म्हणाली की मी जवळ जाऊन बसायचो, "हाय मी, इथंच हाय." ती माझ्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची. परत बा. मी परत, "हाय ना गो." मग ती चिडायची. डाव्या हातानं मला ढकलायची.

मग वाटलं, तुला द्यायचं उत्तरच सांगतेय. बा वरून काय सुरू होतं ते मी शोधत बसलो. मी एकेक शब्द तिच्यापुढं म्हणायचो. बाळ? बायको? बाहेर? बाहेरवर तिनं डोळे मिटले. ते हो की नाही, कुणास ठाऊक. दोन दिवस मी तेच धरून बसलो होतो, की ती म्हणते बाहेर जाऊ दे. किंवा जाऊ देऊ नका.

शेवटी बायजाबाईच म्हणाली. ती बोलायला काही कचरत नाही. म्हणाली, "काळूदादा, डोळे उघडा आता. बापाला हाका मारते ती. माझी सासूबी अशीच मारायची. बापूस न्यायाला आलाय तिचा, दारात उबा ऱ्हायलाय, तिला दिसतोय." आणि त्यात एक खूण अशी होती की बा म्हटलं की तुझी आई डाव्या हाताचं बोट उचलून वरच्या ओठावर ठेवायची. बायजाबाई म्हणाली, "बगा, पानी मागते. शेवटचं पानी." मग आम्ही गडूतलं गंगेचं पाणी काढलं, त्यात तुळशीचं पान घातलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिनं थू केलं. सगळं पाणी मानेवर गेलं. मैना रडली. जगनरावाला निरोप धाडला तो तेव्हाच. रोह्याची माणसं येऊन भेटून गेली. सगळ्यांनी जड आवाजात सांगितलं, आता दिवस मोजायचे. पाणी द्यायला येणारा प्रत्येकजण पाणी द्यायचा आणि ती थुंकायची.

हे सगळं होऊनसुद्धा मी तुला लिहिलं नाही. फळीवरच्या घड्या त्याच दिवसांतल्या.

ता. २०

आज जे झालं ते लिहितो आणि पत्र टाकतोच. मैना दारात उभी आहे, तीच पेटीत टाकणार.

सकाळी ऊन जरा वर आल्यावर बायजाबाईची नात शकू अंगणात खेळत होती. तिचा बाप रस्त्यानं मिठाची पाटी घेऊन चालला होता. तिनं त्याला हाक मारली, "बा, ए बा." बारीक आवाज, पाच वर्षांची आहे.

आणि आत तुझी आई म्हणाली, "ओ."

मी तिच्या उशाशी होतो, मी कानांनी ऐकलं. बा नाही, ओ. ती डाव्या हातावर भार देऊन उठायला बघत होती, मान वर केलेली, मग तोच हात पदराकडे गेला, पदर डोक्यावर घ्यायला, पाहुणे आल्यावर घेते तसा. शकूनं परत हाक मारली. हिनं परत ओ दिली. मग ते बोट उचललं आणि वरच्या ओठावर ठेवलं, आणि इकडून तिकडे फिरवलं. आणि अर्ध्या तोंडानं हसली.

दत्तू, मला तेव्हा कळलं. इतके दिवस आम्ही सगळे तिला तिच्या बापाकडे पाठवत होतो.

तुला आठवतंय ना? दिवाळीला पहिल्याच दिवशी सरू गॅलरीतून धावत आली आणि तुझ्या आईच्या मांडीवर आदळून म्हणाली, "बा." गुजरातीत आजीला बा म्हणतात हे तुझ्या आईला कुठं माहीत. ती म्हणाली, "मी तुजा बा? मंग माज्या मिशा कुठं हायत?" आणि सरू तिच्या मांडीवर उभी राहून तिच्या वरच्या ओठावर बोट फिरवून मिशा शोधायला लागली. ती म्हणाली, "गावल्या?" सरू म्हणाली, "नथी." तुझी आई म्हणाली, "उद्या बग, रातच्याला उगवतात." मग रोज सकाळी उठल्या उठल्या तोच खेळ. आपल्या घराण्यात बा म्हणजे बाप, पण ती त्या नावाला ओ द्यायला लागली होती. गावी आल्यावर सगळ्यांना सांगत सुटली, "मुंबईला मी बा झाले." लोक हसले की तिला जास्तच चढायचं.

ती कुणाला बोलवत नाही. ती स्वतःचं नाव सांगते आहे. त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस आहे, ते कधी येणार म्हणून दाराकडे बघते. आणि आम्ही तिच्या मिशांवर गंगाजल ओततोय.

मैनेला सांगितलं तर ती खालीच बसली. बायजाबाई म्हणाली, "अगो बाय माजे, मी तिला जिती पोचवत व्हते."

मग मी एक वेडेपणा केला. दार लोटून घेतलं आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "बा." इतक्या वर्षांच्या बायकोला मी बा म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. ओ दिली नाही. डाव्या हातानं माझ्याच मिशीला हात लावला आणि हात खाली टाकला. माझ्या तोंडून ते होत नाही. शकूला आत आणून उभी केली तर ती खाटेला घाबरून बोललीच नाही, आणि तुझ्या आईनं तिला नीट बघितल्यावर मान फिरवली. आवाज लांबून चालतो, जवळून चालत नाही.

आता हे वाचून तू काय करशील ते मला कळत नाही, आणि तू काय करावंस तेही कळत नाही. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर समजू नकोस. तुझी आई काय सांगणार होती ते मला खरंच माहीत नाही, मी तिच्या नावावर काही खपवणार नाही. तिकडे जा असं लिहायला हात होत नाही, जाऊ नको असं लिहायचा मला अधिकार वाटत नाही. एवढंच मनात येतं की तिकडे सरूची दुसरी बा आहे, जसुमतीची आई, तिच्या मिशा शोधाव्या लागत नाहीत. मुंबईत दोन्ही बा चालून जात होत्या, तुझ्या छापखान्यात एका भिंतीला मराठीचे रेघेचे खिळे आणि दुसऱ्या भिंतीला गुजरातीचे बोडके खिळे राहतात तसे. पोर लहान आहे. चार महिन्यांत विसरेल. त्यात तिचा काय दोष.

जायचं असलं तर जा, राहायचं असलं तर राहा, पण त्याआधी सरूला एकदा घेऊन ये. जवळ नाही आली तरी चालेल. अंगणात उभी राहून एकदा हाक मारली तरी पुरे. जसुमतीला सुट्टीचं जमत नसेल तर तू एकटा घेऊन ये, पण लाँचमध्ये तिला कठड्याशी उभी करू नको. धरमतरच्या धक्क्यावर मी स्वतः येऊन थांबेन, रोज येईन, तू कुठल्या दिवशी येतोस ते कळलं नाही तरी.

भाऊच्या धक्क्यावर निघताना जसुमती आणि सरू मला म्हणाल्या, "आवजो." मी लाँचच्या फळीवरून अर्धा मागं फिरलो, की या म्हणतायत, काही राहिलं वाटतं. मागची माणसं खोळंबली. तो खलाशी म्हणाला, "आजा, चढतोस का उतरतोस ते ठरीव, भरती तुज्यासाठी थांबायची नाय." जसुमतीनं लांबून हात हलवून सांगितलं, "बापुजी, जाताना म्हणतात तसं, जा आता." तुझी आई लाँचवरून ओरडली, "या म्हनायचं आन घालवून द्यायचं, ही कुटली रीत?" सरू तिला बघून ओठावर बोट फिरवत होती.

पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी लिही. कार्ड चालेल. तार मात्र करू नको, तार दिसली की बायजाबाई आधी रडायला लागते. पोस्टाचा भरवसा वाटत नसेल तर लाँचवर कुणी ओळखीचा असेल त्याच्याकडे निरोप दे, मी धक्क्यावर विचारत राहीन. फक्त लवकर कळव. तुझ्या आईला मी सांगितलंय की पत्र टाकलं. ती दाराकडेच बघते आहे.

जसुमतीला म्हणावं, तिनं अर्थ समजावला तरी मला तो निघतानाचा शब्द पहिल्यासारखाच ऐकू येतो. तुम्हीही तसाच वाचा.

आवजो.

तुझा,
मिशा असलेला बा,
काळुराम